'डिअर एस्थर' आणि मंडळी: ज्यात नुसतं चालायचं असतं असे गेम

सावकाश_जाई

स्कॉटलंडच्या पश्चिमेला हेब्रिडीज नावाचा द्वीपसमूह आहे. त्यातल्या एका निर्मनुष्य बेटाच्या किनाऱ्यावर 'डिअर एस्थर' आपल्याला आणून सोडतो आणि पुढचं काहीच सांगत नाही. समोर पडीक दीपगृह, मागे समुद्र, वर भरून आलेलं आभाळ. हातात शस्त्र नाही, कोपऱ्यात नकाशा नाही, जीव किती उरलाय ते दाखवणारी पट्टी नाही. पळायचं बटण नाही, उडी मारता येत नाही, काही उचलता येत नाही. अंधारात शिरलं की टॉर्चसुद्धा आपोआप लागतो. करायचं काय, तर चालायचं. मधूनच एका पुरुषाचा आवाज एस्थर नावाच्या बाईला लिहिलेल्या पत्रांतले तुकडे वाचतो आणि पुन्हा गप्प होतो.

परवा हा गेम पुन्हा लावला. पहिल्यांदा खेळलो तेव्हा ऐकलेली काही वाक्यं या खेपेला आलीच नाहीत, आणि काही अगदी नवीन होती. याचं कारण असं की बेटावरच्या ठरावीक जागी पोचलं की जो तुकडा ऐकू येतो, त्याचे एकाहून जास्त पर्याय ठेवलेले आहेत आणि त्यातला कुठलाही एक लागतो. काही ठिकाणी पडलेल्या वस्तूही बदलतात. त्यामुळे दोन जणांनी खेळला तर दोघांच्या हाती लागलेली गोष्ट तंतोतंत सारखी नसते.

धागा काढायचं कारण वेगळं आहे. संथ गेम म्हटलं की लोक सगळे एकाच पोत्यात भरतात. धुकं, पियानो, लांबलचक वाट, एखादी जुनी चिठ्ठी, झालं वातावरण! माझं म्हणणं असं, की चालण्याचा वेग कमी केला म्हणून गेम वातावरणाचा होत नाही. मी एक साधी चाचणी लावतो. चालता चालता मध्येच थांबायचं आणि मागे वळून पाहायचं. थांबल्यामुळे काही हाती लागलं, तर तो गेम मुद्दाम संथ केलाय. काहीच लागलं नाही, तर तो नुसताच रेंगाळतोय.

'डिअर एस्थर'मध्ये थांबलं की हाती लागतं. दूरवर डोंगराच्या माथ्यावर एक मनोरा आहे, त्यावर लाल दिवा लुकलुकत असतो. तो जवळपास पहिल्यापासून दिसतो. वाट वळली की लपतो, चढ संपला की पुन्हा दिसतो, दर वेळी थोडा मोठा. 'तिकडे जा' असं कोणी म्हणत नाही, तरी पाय तिकडेच वळतात. पुढे एक गुहा लागते. तिच्या भिंतींवर चमकत्या रंगाने रासायनिक रचनांच्या आकृत्या काढल्यात. पहिल्यांदा त्या नुसत्या सुंदर दिसतात. निवेदन कान देऊन ऐकलं असेल, तर एका आकृतीपुढे पाय अडखळतात, कारण ती कशाची आहे ते तोवर उमगलेलं असतं.

तुम्ही यातलं काय खेळता आणि कसं खेळता? शेवट फोडू नका एवढीच विनंती.

---

तिरकीरेघ

धागा चांगला आहे, पण पहिला दगड मीच मारतो. एक बटण दाबून ठेवायचं आणि उंदीर (माउस) हलवायचा, याला गेम का म्हणायचं? यापेक्षा यूट्यूबवर कोणीतरी खेळलेला लावून पाठ टेकून पाहीन की. हरायची भीती नाही तिथे जिंकण्यात काय राम?

आणि पैशांचं काय? स्टीमवर (पीसीचे गेम विकणारं ऑनलाइन दुकान) खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि खेळण्याचा वेळ दोन तासांहून कमी असेल, तर पैसे परत मागता येतात. तुमचा हा एस्थर दीड तासात संपतो. म्हणजे पूर्ण खेळून परत करता येईल असा माल!

---

पुनर्वसू

वाचतोय. तिरकीरेघ यांचा प्रश्न फार जुना आहे, म्हणून थोडा इतिहास टाकतो.

'डिअर एस्थर' २००८ साली 'हाफ-लाइफ २'चा फुकट मॉड, म्हणजे मूळ गेममध्ये फेरफार करून बनवलेली आवृत्ती, म्हणून आला. इंग्लंडच्या पोर्ट्समथ विद्यापीठातल्या डॅन पिंचबेक यांच्या संशोधनातून तो निघाला. बंदुकीच्या गेममधून बंदूक काढली, शत्रू काढले, कोडी काढली, तर उरलेल्या जागेत माणूस टिकतो का, हे त्यांना पाहायचं होतं. पुढे रॉबर्ट ब्रिस्को या कलाकाराने ते बेट अक्षरशः नव्याने उभारलं आणि फेब्रुवारी २०१२ मध्ये तो विकत मिळू लागला. गंमत बघा, हेच ब्रिस्को त्याआधी 'मिरर्स एज'वर होते, ज्यात सगळा वेळ छपरांवरून धावायचं असतं!

त्याही मागे गेलात तर १९९३ चा 'मिस्ट'. रँड आणि रॉबिन मिलर या भावांचा. मॅकवरच्या हायपरकार्ड या सॉफ्टवेअरमध्ये रचलेला, म्हणजे एकामागून एक स्थिर चित्रं. क्लिक केलं की पुढचं चित्र. तिथला संथपणा निम्मा तंत्रज्ञानाने लादलेला होता. सुरुवातीचे सीडी ड्राइव्ह सेकंदाला १५० किलोबाइट वाचत, त्यामुळे चित्र यायला वेळ लागे. मिलर बंधूंनी त्या उशिराचं सोनं केलं. वारा, पाणी, लाकडी फळ्यांवरचे आवाज मागे चालू ठेवले, की चित्र स्थिर असलं तरी जागा जिवंत वाटावी. मरायची भीती नाही, घड्याळ नाही. आणि 'यात गेम कुठे आहे' म्हणणारे तेव्हाही होतेच. त्याच्या साठ लाखांवर प्रती खपल्या आणि २००२ मध्ये 'द सिम्स'ने मागे टाकेपर्यंत पीसीवर सर्वाधिक खपलेला गेम तोच होता.

तर हरण्याची भीती नसलेला गेम लोकांना चालतो, हे तीस वर्षांपूर्वीच सिद्ध झालंय. पैशांचा मुद्दा मात्र खरा आहे. दोन तासांची मर्यादा सगळ्यांना सारखी आहे आणि छोट्या गेमवाल्यांची त्यात पंचाईत होते.

---

ध्वनिलहर

अखेर माझ्या विषयाचा धागा! मी ध्वनीच्या क्षेत्रात काम करते (गेम्सच्या नाही), त्यामुळे माझे डोळे पडद्यावर आणि कान भलतीकडेच असतात.

सावकाश_जाई यांनी दिवा, गुहा, आकृत्या असं सगळं डोळ्यांचं लिहिलंय. माझ्या मते अशा गेममध्ये अर्ध्याहून जास्त काम कान करतात. एक उदाहरण घ्या, पावलांचं. आपण दीड तास चालणार, म्हणजे हजारो पावलं. प्रत्येक पावलाला एकच आवाज लावला तर पाच मिनिटांत डोकं उठेल. म्हणून वाळू, खडी, गवत, लाकूड, ओला दगड अशा प्रत्येक पृष्ठभागासाठी वेगवेगळी अनेक ध्वनिमुद्रणं करतात. त्यातलं एक यदृच्छया निवडलं जातं, वर आवाजाची पट्टी आणि जोर किंचित बदलतात. गवतावरून खडीवर पाय पडला की कान आधी सांगतात, डोळे मागून.

वाऱ्याचंही तसंच. वारा म्हणजे एकच लांब फीत नसते. तीन-चार फिती एकावर एक चालू असतात आणि त्यांची लांबी मुद्दाम वेगवेगळी ठेवतात. समजा एक ४७ सेकंदांची, दुसरी ६१ ची. त्या पुन्हा एकदम एकाच जागी जुळायला पाऊण तासाच्या वर वेळ लागतो, म्हणून पुनरावृत्ती जाणवत नाही. कडा आड आला की उंच स्वर दाबतात, गुहेत शिरलं की घुमारा वाढवतात. हे नीट केलेलं असेल तर डोळे मिटूनही कळतं की आपण मोकळ्यावर आहोत की आडोशाला.

तिरकीरेघ, यूट्यूबवर पाहून ही मजा का येत नाही, तेही यात आहे. मान तुम्ही वळवता तेव्हा समुद्र डाव्या कानातून उजव्या कानात जातो. दुसऱ्याने वळवली की ती फक्त चित्रफीत.

अवांतर: 'जर्नी' या गेमच्या ऑस्टिन विंटरी यांच्या संगीताला ग्रॅमीचं नामांकन मिळालं होतं. दृश्यमाध्यमांच्या संगीताच्या त्या विभागात पोचलेलं ते गेमचं पहिलं संगीत. मिळायला हवं होतं हो!

---

खिडकीपाशी

सगळं वाचून खेळावंसं वाटतंय, पण मला या 'डोळ्यांतून' दिसणाऱ्या गेम्सनी मळमळतं. वीस मिनिटांत डोकं गरगरायला लागतं. धावपळीचे गेम सोडाच, नुसतं चालण्याचेही झेपत नाहीत. काही उपाय आहे का, की माझ्या नशिबी कँडी क्रशच?

---

पुनर्वसू

खिडकीपाशी, हे पुष्कळांना होतं. डोळे सांगतात आपण चाललोय, कानातला तोल सांभाळणारा अवयव सांगतो आपण बसलोय, आणि मेंदू गोंधळतो.

आधी सेटिंग्जमध्ये 'फील्ड ऑफ व्ह्यू' शोधा, म्हणजे पडद्यावर किती अंशांचं दृश्य दिसतं तो आकडा. टीव्ही लांब असतो म्हणून कन्सोलचे गेम तो बऱ्याचदा ६०च्या आसपास ठेवतात. तोच आकडा टेबलावरच्या मॉनिटरला लावला की नळीतून बघितल्यासारखं होतं. ८५-९० करून पाहा. मग 'हेड बॉब', म्हणजे चालताना मान वरखाली होणं, ते बंद. 'मोशन ब्लर', म्हणजे हलताना चित्र पुसट होणं, तेही बंद. उंदराचा वेग कमी. खोलीत दिवा चालू ठेवा, पडद्यापासून थोडं मागे सरका. पडद्याच्या मधोमध बारीक ठिपका ठेवायची सोय असेल तर ती चालू करा, नजरेला टेकायला जागा मिळते. 'मिरर्स एज'मध्ये तो ठिपका याचसाठी होता.

आणि मळमळायला लागलं की रेटायचं नाही, लगेच उठायचं. 'आणखी पाच मिनिटं' केलीत तर संध्याकाळ वाया.

---

मंदाकिनी_तीर

खिडकीपाशी, तुम्ही 'अ शॉर्ट हाइक'पासून सुरुवात करा. त्यात कॅमेरा वरून, लांबून असतो, सहसा त्रास होत नाही. क्लेअर नावाचा एक छोटा पक्षी. तिला महत्त्वाचा फोन यायचाय, पण रेंज फक्त शिखरावर. म्हणून ती डोंगर चढते, एवढीच गोष्ट. वाटेत सोनेरी पिसं मिळतात, जितकी पिसं तितकं जास्त चढता आणि उडता येतं. पण मी शिखराकडे जायचं सोडून मासे पकडत आणि किनाऱ्यावर चेंडू टोलवत बसले होते. गेम काही म्हणत नाही. दोन-तीन तासांत संपतो.

मूळ विषयाबद्दल: कोणी 'ईस्टशेड' खेळलंय का? २०१९ चा आहे. तुम्ही चित्रकार. आई वारली आहे आणि तिच्या आवडत्या जागांची चित्रं काढायला तुम्ही एका बेटावर येता. लढाई नाही. फळ्या आणि कापड गोळा करून कॅनव्हास तयार करायचा, जागा निवडायची, चौकट लावायची आणि चित्र काढायचं. पण चित्र काढायला 'प्रेरणा' लागते आणि ती संपते! नवी जागा सापडली, काही नवीन अनुभवलं की पुन्हा भरते.

सावकाश_जाई यांची थांबायची चाचणी इथे फारच नेमकी लागू पडते. कॅनव्हास मोजके, त्यामुळे चौकट लावताना दहा वेळा मागेपुढे होतं. पवनचक्की घ्यायची की सोडायची? सूर्य अजून खाली येऊ द्यायचा का? इतर गेममध्ये मी स्क्रीनशॉट धडाधड काढते आणि नंतर एकही पाहत नाही. इथे काढलेली चित्रं अजून लक्षात आहेत.

---

तिरकीरेघ

पुनर्वसू, इतिहास आवडला. ध्वनिलहर, पावलांचा मुद्दा मान्य. पण माझा मूळ आक्षेप तसाच आहे. चालण्यात काही अडचण नसेल तर चालणं मला जाणवतच नाही.

आता मला 'डेथ स्ट्रँडिंग' प्रचंड आवडला. लोक त्यालाही नावं ठेवतात, 'कुरियरवाल्याचा गेम' म्हणून. पण तिथे पाठीवर खोकी रचलेली असतात, जास्त उंच रचली की तोल जातो. कंट्रोलरच्या डाव्या-उजव्या ट्रिगर बटणांनी पट्टे धरून तोल सावरायचा. नदी दिसली की आधी खोली पाहायची, मग ठरवायचं शिडी टाकायची की वळसा घालायचा. म्हणजे जमीन वाचावी लागते. एकदा वरपर्यंत पोचलो, घसरलो आणि अर्धं सामान प्रवाहात गेलं. डोळ्यांदेखत वाहत गेलं! ते चालणं कायमचं लक्षात राहिलं. आणि दुसऱ्या कोणी त्याच्या जगात ठेवलेली शिडी माझ्या जगात नेमकी हवी तिथे दिसते, तेव्हा त्या अनोळखी माणसाला लाइक दिल्याशिवाय राहवत नाही.

संथ मलाही चालतं. फुकटचं संथ चालत नाही.

---

सावकाश_जाई

तिरकीरेघ, मग आपण भांडतोय कशावर? तुम्ही जमीन वाचता ती पडू नये म्हणून, मी वाचतो ती गोष्ट कळावी म्हणून. थांबून पाहणं दोघांनाही भाग आहे.

आणि वेगाबद्दल तुमच्या बाजूने एक पुरावा मीच देतो. 'डिअर एस्थर'वाल्यांचाच नंतरचा एक गेम, २०१५ चा 'एव्हरीबडीज गॉन टू द रॅप्चर'. १९८४ सालचं श्रॉपशरमधलं एक खेडं, माणसं सगळी नाहीशी झालेली, घरांची दारं उघडी, रस्त्यात टाकलेल्या सायकली. जेसिका करी यांचं संगीत असं की त्याला बाफ्टा हा ब्रिटिश पुरस्कार मिळाला. पण चाल इतकी हळू की लोक वैतागले. खरं तर वेग वाढवायची सोय होती, बटण दाबून धरलं की हळूहळू गती वाढे, पण ते खेळणाऱ्याला कोणी नीट सांगितलंच नाही! एस्थरच्या बेटावर वाट बहुतेक एकच आहे, त्यामुळे परत फिरावं लागत नाही आणि हळू चाल खपते. खेड्यात दहा गल्ल्या. एखादं घर बघायचं राहिलं म्हणून तीच गल्ली उलटी चालायची वेळ आली, की तीच चाल शिक्षा होते. पहिल्या फेरीत जी गल्ली डोळे भरून पाहिली, ती तिसऱ्या फेरीत नकोशी होते. वेग ठरवताना आधी नकाशा बघायला हवा, असं माझं ठाम मत झालंय.

---

पुनर्वसू

याच्याशी जुळणारी एक गोष्ट. 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड' हा गेम बनवणाऱ्या लोकांनी २०१७ मध्ये जपानमधल्या सीडेक या गेम बनवणाऱ्यांच्या परिषदेत आपली त्रिकोणांची युक्ती सांगितली होती. डोंगर, टेकाडं, मोठे खडक यांचा आकार ते त्रिकोणी ठेवतात. त्रिकोण पलीकडचं झाकतो, त्यामुळे उत्सुकता वाटते. शिवाय तो समोर आला की निवड करावी लागते, वरून जायचं की बगलेने. वर चढत जाल तसं पलीकडचं थोडं थोडं उघडतं. सगळ्यात मोठे त्रिकोण लांबून दिसणाऱ्या खुणा म्हणून, मधले दृष्टी अडवायला, छोटे चालीला लय द्यायला.

एस्थरचा लाल दिवा लपतो आणि दिसतो, ते याच जातीचं. 'जर्नी'तला चमकत्या शिखराचा डोंगर तसाच.

---

अर्धविराम

कोणी 'आउटर वाइल्ड्स'चं नाव कसं काढलं नाही अजून?? पॉपकॉर्न घेऊन बसलो होतो, आता राहवत नाही.

शेवट फोडणार नाही. पहिल्या अर्ध्या तासात कळतं तेवढंच सांगतो. छोटीशी सूर्यमाला, लाकडी-पत्र्याचं वाटावं असं यान, आणि दर २२ मिनिटांनी सूर्याचा स्फोट होऊन तुम्ही पुन्हा सुरुवातीला. शस्त्र नाही, बढती नाही, नवीन ताकद मिळत नाही. मागच्या फेरीतून पुढच्या फेरीत एकच गोष्ट जाते, तुम्हाला काय कळलं ते. शेवटपर्यंत जायचा मार्ग पहिल्या मिनिटापासून उघडा असतो, फक्त तुम्हाला माहीत नसतो. म्हणूनच हा गेम दुसऱ्यांदा खेळता येत नाही. मी विसरायची वाट बघतोय.

एक प्रसंग. यानात 'सिग्नलस्कोप' असतो, दुर्बिणीसारखा पण आवाज पकडणारा. पहिल्याच रात्री तो आभाळाकडे धरला. एका ग्रहाकडे वळवला तर बँजो. दुसरीकडे हार्मोनिका. आणखी कुठे बासरी, ढोल, शीळ. आपले सहप्रवासी एकेका ग्रहावर शेकोटीपाशी बसून एकेकटे वाजवतायत. मग फिरता फिरता दोन ग्रह एका रेषेत आले आणि दोन वाद्यं एकत्र ऐकू आली, तेव्हा कळलं की सगळे एकच गाणं वाजवतायत. वेगवेगळ्या ग्रहांवरून.

ध्वनिलहर, तुम्ही हा खेळला नसेल तर आज सगळं सोडून खेळा.

---

तिरकीरेघ

२२ मिनिटांचं घड्याळ आणि संथ? धागा चुकला का?

---

अर्धविराम

उलट घड्याळामुळेच तो संथ खेळता येतो. मेलं तरी काही जात नाही, कारण सूर्य तसाही फुटणारच आहे. मग एखाद्या फेरीत मी ठरवायचो की या वेळी कुठेही जायचं नाही, एकाच कड्यावर बसून तो ग्रह तुकड्या-तुकड्याने खचताना बघायचा. आणि तसं बसून जे कळलं ते धावपळीत कळलंच नसतं.

जुने शिलालेख वाचताना काळ थांबवायची सोय सेटिंग्जमध्ये आहे. ती चालू करा, लाजू नका. आणि अडलात तर यानातली नोंदवही उघडा. कुठे काय सापडलं आणि कुठे अजून शोधायचं बाकी आहे ते ती दाखवते. विकी उघडलंत तर आयुष्यभर पस्तावाल, कारण वर लिहिल्याप्रमाणे हा गेम दुसऱ्यांदा खेळता येत नाही.

---

ध्वनिलहर

अर्धविराम, घेतला! डाउनलोड होतोय.

जाता जाता, आवाजाचाच विषय आहे तर 'प्रोटियस'चं नाव घेतल्याशिवाय राहवत नाही. २०१३ चा. एड की आणि डेव्हिड कनागा या दोघांचा. चित्रं इतकी ठोकळेबाज की पहिल्यांदा हसू येतं. दर वेळी नवीन बेट तयार होतं, एक शब्द सांगितला जात नाही. पण त्या बेटावर प्रत्येक गोष्ट वाजते. बेडकाच्या मागे गेलं की तो उड्या मारतो आणि उडीगणिक सूर उमटतो. झाडांत शिरलं की सुरावट बदलते, टेकडीवर गेलं की विरळ होते. म्हणजे चालणं हेच वाद्य. पटपट चाललात तर गर्दी होते, मध्ये उभे राहिलात तर एकेक सूर वेगळा ऐकू येतो. बेटाचे चार ऋतू पार पडतात आणि हिवाळ्यात, बर्फ पडल्यावर, जवळजवळ सगळं गप्प होतं. तोपर्यंत किती आवाज होते ते तेव्हा कळतं.

त्यात एक मस्त गोष्ट आहे. फोटो काढला की त्या चित्राच्या फाइलमध्येच ते बेट साठवलेलं असतं. ती फाइल परत उघडली की त्याच जागी, त्याच ऋतूत पोचता.

---

खिडकीपाशी

पुनर्वसू, हेड बॉब बंद केलं, आकडा ९० केला. एक तास बसले, काही झालं नाही!! धन्यवाद हो.

मंदाकिनी_तीर, 'अ शॉर्ट हाइक' संपवला. फोनपाशी पोचेपर्यंत ठीक होते, फोनवर बोलणं सुरू झालं आणि रडू आलं. आधी सांगायचं तरी!

---

मंदाकिनी_तीर

सांगितलं असतं तर आलं असतं का?

---

सावकाश_जाई

मागे एकाने व्यक्तिगत निरोपात विचारलं की या गेममध्ये एकटं वाटत नाही का. 'जर्नी' खेळा. वाळवंटात अचानक दुसरा कोणीतरी चालताना दिसतो. तो खराच माणूस असतो, जगाच्या पाठीवर कुठेतरी बसलेला. नाव दिसत नाही, बोलता येत नाही, फक्त एक छोटी साद घालता येते. तेवढ्यावर वाट दाखवली जाते, 'थांब' म्हटलं जातं, थंडीत एकमेकांना बिलगून ऊब दिली जाते. वाटेत कोण कोण भेटलं त्यांची नावं श्रेयनामावली संपल्यावर येतात. मी ती नावं लिहून ठेवली आणि त्यांचं पुढे काहीच केलं नाही.

तिरकीरेघ, तुमच्यासाठी माझी शिफारस 'फायरवॉच', २०१६ चा. वायोमिंगमधलं जंगल, १९८९ चा उन्हाळा, वणव्यावर नजर ठेवणारा हेन्री आणि वॉकीटॉकीवर त्याची वरिष्ठ डिलायला. तिने काही विचारलं की उत्तराचे पर्याय येतात आणि वेळेची रेघ आकसत जाते. उत्तर दिलं नाहीत तर तुमचं गप्प राहणं हेच उत्तर, आणि ती त्यावरही बोलते. शिवाय नकाशा कागदी आहे, दुसऱ्या हातात होकायंत्र. दोन्ही समोर धरून चालता येतं. तुम्ही कुठे आहात तो ठिपका नकाशावर दिसतो, पण सेटिंग्जमधून बंद करता येतो. तुम्हाला चालण्यात अडचण हवी ना? करा बंद.

---

पुनर्वसू

त्यात वाटेवर कुलूपबंद खोकी लागतात. सगळ्यांचा आकडा १२३४. सरकारी खात्याची सुरक्षा जगभर सारखीच!

---

तिरकीरेघ

सेलमध्ये मिळाला, घेतला. पैसे परत मागायची मुदत अजून आहे, हे नोंदवून ठेवतो.

ठिपका बंद केला. नकाशात तळं डावीकडे दाखवतंय आणि माझ्यासमोर सरळ कडा आहे. होकायंत्र म्हणतंय मी उत्तरेला तोंड करून उभा आहे, मला ते पटत नाहीये. डिलायला काहीतरी विचारतेय, मी नकाशा उलटा करून बघतोय, तेवढ्यात रेघ संपली आणि ती म्हणे गप्प का झालास.

कोणी वाट सांगू नका. सांगितलीत तर भांडण होईल.